पणतूचे नाव प्रवरसेन

बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हे दृश्य मराठी माणसाला नवे नाही. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग लागते. तिथल्या एका घरात मी अशाच एका बारशाला बसलो होतो. बाळाला नाव ठेवले ते वारलेल्या आजोबांचे. सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की आता आईने लेकराला हाक कशी मारायची? सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही ही जुनी रीत. आजीला तर ते नाव उच्चारणे त्याहून अवघड. शेवटी आजीनेच तोड काढली. "मोठं नाव कागदावर राहू दे, हाका माराले दुसरं ठेव." मग त्याच पाळण्यात बाळाला आणखी एक नाव मिळाले.

आजोबाचे नाव नातवाला देण्याची ही चाल आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे आपण इतिहासाचा पुरावा म्हणून बघत नाही. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा नातू बाळाजी बाजीराव. छत्रपती शाहू महाराजांचे जन्मनाव शिवाजी, म्हणजे थेट आजोबांचे. अनसिंगच्या त्या घरात आणि साताऱ्याच्या गादीवर एकच विचार काम करत होता, की माणूस गेला तरी नाव घरात राहिले पाहिजे. या परिसरात दीड हजार वर्षांपूर्वी राज्य केलेल्या एका घराण्याने हा विचार फार काटेकोरपणे पाळला होता. ते घराणे वाकाटकांचे, आणि त्यांच्या घरात फिरत राहिलेले एक नाव म्हणजे प्रवरसेन.

अनसिंगला ही गोष्ट सांगायला जागा चांगली आहे, कारण इथे गावांची नावेही माणसांवरून आलेली मानतात. अनसिंगचे नाव लोकपरंपरेत शृंगऋषींशी जोडले जाते. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. ते वत्स ऋषींवरून पडले असे स्थलमाहात्म्य सांगते. आज जिल्ह्याचे ठाणे असलेले हे वाशीम (1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला) चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही विदर्भातल्या वत्सगुल्म नगरातच. साहित्याच्या लग्नाला राजशेखराने जे गाव निवडले, त्या गावाला आपल्या राजांची नावे सांगता येऊ नयेत याची मला हळहळ वाटते. शाळेच्या पुस्तकात वाकाटक दोन-तीन ओळींत संपतात.

वाशीमला 1939 मध्ये एक ताम्रपट उजेडात आला. तो विंध्यशक्ती नावाच्या राजाने आपल्या राज्याच्या 37 व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला आहे. नंदिकट म्हणजे आजचे नांदेड. त्याच्या उत्तरेकडच्या मार्गावरचे आकासपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात लिहिले आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढचा दानाचा मजकूर प्राकृतात आहे. घराण्याची महती दरबारी भाषेत सांगितली आणि गाव कोणते, हक्क कोणते, हे लोकांना कळेल अशा भाषेत. त्या प्राकृताची पुढची पिढी म्हणजे आपली मराठी.

या पटाची सुरुवात जवळून पाहण्यासारखी आहे. अग्निष्टोम, आप्तोर्याम, वाजपेय असे एकेक यज्ञ सांगून, चार अश्वमेध करणाऱ्या सम्राट श्रीप्रवरसेनाचा पौत्र, धर्ममहाराज श्रीसर्वसेनाचा पुत्र, धर्ममहाराज श्रीविंध्यशक्ती. आपल्या लग्नपत्रिकेत 'यांचे नातू, यांचे चिरंजीव' लिहितात तसेच. पत्रिकेतही आजोबा आधी येतात, बाप मग येतो आणि ज्याचे लग्न आहे तो शेवटी येतो.

हा पट सापडेपर्यंत वत्सगुल्माची शाखा अशी वेगळी कुणाला ठाऊकच नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात राजांची जी मालिका कोरली आहे ती वाकाटकांच्या एकाच, सलग वंशाची आहे असे समजून अभ्यासक नावे जुळवत होते, आणि ती नीट जुळत नव्हती. वाशीमच्या पटाने उलगडा केला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा झिजलेला लेख पुन्हा वाचला, तेव्हा तिथेही सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावे निघाली. विंध्यसेन म्हणजे आपला विंध्यशक्तीच. एका घराण्याच्या दोन गाद्या होत्या, एक पूर्वेला रामटेकजवळ नंदिवर्धनाला आणि दुसरी वाशीमला.

आता वाशीमच्या गादीची नावे ओळीने मांडून बघा. मूळ पुरुष विंध्यशक्ती. त्याचा मुलगा प्रवरसेन. त्याचा सर्वसेन, याने वाशीमची गादी मांडली. सर्वसेनाचा मुलगा पुन्हा विंध्यशक्ती. त्याचा मुलगा पुन्हा प्रवरसेन. आजोबाचे नाव नातवाला नाही, पणजोबाचे नाव पणतूला. तीन नावांचे एक रहाट फिरते आहे. एक पोहरा खाली गेला की तीन पिढ्यांनी तोच भरून वर येतो. या दुसऱ्या प्रवरसेनानंतर अजिंठ्याचा लेख म्हणतो, की त्याचा मुलगा आठव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने राज्य नीट चालवले. त्या मुलाचे नाव जिथे कोरले होते नेमका तिथलाच दगड गेला आहे. रहाटाच्या हिशेबाने ते नाव काय असायला हवे ते वाचकाने मनाशी ठरवून ठेवावे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी नावाचा अर्थ. 'प्रवर' म्हणजे उत्तम, निवडक, पुढचा. 'प्रवरा सेना यस्य', ज्याची सेना श्रेष्ठ आहे तो प्रवरसेन. सेना हा शब्द स्त्रीलिंगी, पण तो समासात शिरून पुरुषाचे विशेषण झाला की शेवटचा आकार ऱ्हस्व होतो आणि 'सेन' उरतो. भीमसेन, उग्रसेन, चित्रसेन ही सगळी नावे याच साच्यातली. राजाच्या मुलाला असे नाव ठेवणे म्हणजे पाळण्यातच त्याच्या हाती सैन्य देणे. बंगालमध्ये पुढे 'सेन' हे आडनाव झाले आणि राजघराण्याचेही नाव झाले, पण वाकाटकांकडे ते आडनाव नव्हते. ते व्यक्तिनामाचाच तुकडा होते, आणि म्हणून त्याच्या आधीचा शब्द दर पिढीला बदलता येत होता. रुद्रसेन, देवसेन, नरेंद्रसेन, दिवाकरसेन.

याच घरात पृथिवीषेण आणि हरिषेणही आहेत. तिथे 'स'चा 'ष' आणि 'न'चा 'ण' का झाला? लेखनातली ती चूक नाही. पाणिनीचा नियम असा, की इकारासारख्या स्वरानंतर 'सेना' आली आणि तो शब्द कुणाचे नाव असेल, तर 'स' मूर्धन्य होतो. अकारानंतर होत नाही, म्हणून रुद्रसेन तसाच राहतो. हा नियम फक्त नावांपुरता आहे याचे मला नेहमी अप्रूप वाटते. नाव हा साधा शब्द नाही, त्याचा उच्चारही वेगळा ठेवावा, असे वैयाकरणांना वाटले. प्राकृतात मात्र हे सगळे सपाट झाले. लोकांच्या तोंडी प्रवरसेनाचा 'पवरसेण' झाला.

'प्रवर' शब्दाची दुसरी ओळख आपल्याकडे मुंजीत आणि लग्नात होते. गोत्राबरोबर प्रवर सांगतात, म्हणजे त्या गोत्रातल्या श्रेष्ठ ऋषींची नावे. वाकाटक स्वतःचे गोत्र विष्णुवृद्ध सांगत. सेनेचा अर्थ ठरलेलाच आहे. पण यज्ञामागून यज्ञ करणाऱ्या या घराला 'प्रवर' हा शब्द त्यामुळेही जवळचा वाटला असेल, असे मला वाटते.

पहिला प्रवरसेन तिसऱ्या शतकाच्या अखेरीस आणि चौथ्याच्या सुरुवातीस होऊन गेला. पुराणांत त्याला 'प्रवीर' म्हटले आहे. त्याने साठ वर्षे राज्य केले आणि भरपूर दक्षिणा देऊन वाजपेय यज्ञ केले असे ती सांगतात. त्याला चार मुलगे होते आणि ते चौघे राजे झाले असेही पुराण म्हणते. वाकाटकांत 'सम्राट' ही पदवी त्याच्या एकट्याचीच. पुढच्यांनी राज्ये वाढवली, तरी ते स्वतःला 'महाराज' किंवा 'धर्ममहाराज' म्हणवत राहिले. या प्रवरसेनाचे नाव घेतले, पण त्याची पदवी कुणी घेतली नाही.

याचा एक सुंदर नमुना अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकच्या ताम्रपटात दिसतो. हा पट नंदिवर्धन शाखेच्या प्रवरसेनाचा, राज्याच्या 18 व्या वर्षाचा. चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचा तो लेख. त्यात दानाची अटही घातली आहे, की घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये आणि दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. केला तर दान परत घेणे ही चोरी ठरणार नाही. या पटाची वंशावळ सम्राट प्रवरसेनापासून सुरू होते. मग गौतमीपुत्र, रुद्रसेन, पृथिवीषेण, पुन्हा रुद्रसेन, आणि शेवटी दान देणारा राजा, महाराज श्रीप्रवरसेन. एकच नाव लेखाच्या सुरुवातीलाही आहे आणि शेवटालाही. 'पहिला', 'दुसरा' असे आकडे पटात कुठेच नाहीत. ते आपण, इतिहास लिहिणाऱ्यांनी सोयीसाठी चिकटवले. त्या काळच्या माणसाला आकड्याची गरज नव्हती. एकाच्या आधी चार अश्वमेध होते, दुसऱ्याच्या आधी आईचे नाव होते.

ती आई म्हणजे प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला आणि मुले लहान, म्हणून राज्य तिने हाकले. दिवाकरसेन हा युवराज असताना नंदिवर्धनाहून तिने दिलेला पट पुण्यात मिळाला. महानुभावांचे रिद्धपूर आपल्याला ठाऊक आहे. तिथे सापडलेल्या तिच्या दुसऱ्या पटात ती स्वतःला दामोदरसेन-प्रवरसेनाची जननी म्हणते. ही दोन नावे दोन भावांची, की दामोदरसेनानेच राज्याभिषेकाच्या वेळी प्रवरसेन हे नाव घेतले, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. दुसरी शक्यता खरी असेल तर ती अनसिंगच्या पाळण्याची उलटी बाजू ठरेल. तिथे मोठे नाव आधी मिळाले आणि हाकेचे मागाहून. इथे हाकेचे आधीचे, आणि पूर्वजाचे मोठे नाव गादीबरोबर आले.

प्रभावतीच्या माहेरीही तीच रीत होती. तिचा बाप चंद्रगुप्त हा पहिल्या चंद्रगुप्ताचा नातू. राजघराणी लग्नांनी जोडली गेली तरी प्रत्येकाने आपापल्या नावांची पेटी जपली. प्रभावतीच्या मुलांत एकाचेही नाव 'गुप्त' नाही. सगळे 'सेन'. तिने स्वतः मात्र लग्नानंतरही 'गुप्ता' सोडले नाही.

या प्रवरसेनाने एक नवे नगर वसवले आणि त्याला आपलेच नाव दिले, प्रवरपूर. मिराशींनी ते वर्ध्याजवळचे पवनार असे ओळखले. काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात, तिथल्या उत्खननात मोठे अवशेष मिळाले आहेत. पण नगरापेक्षा त्याचे नाव जास्त दूर नेले ते एका काव्याने. 'सेतुबंध' किंवा 'रावणवहो' हे त्याचे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य. पंधरा आश्वासांचे, समुद्रावर पूल बांधण्यापासून रावणाच्या वधापर्यंतचे. राजा स्वतः शिवभक्त, आई विष्णुभक्त, काव्य रामाचे. आईच्या श्रद्धेला मुलाने वाहिलेले हे फूल आहे असे मानायला मला आवडते. ते कालिदासाने लिहिले किंवा सुधारले अशीही परंपरा आहे आणि अकबराच्या काळातल्या रामदास या टीकाकाराने ती नोंदवली. पण दंडी जेव्हा महाराष्ट्रीला प्राकृतांत श्रेष्ठ म्हणतो तेव्हा उदाहरण म्हणून सेतुबंधच पुढे करतो. आणि सातव्या शतकात बाणभट्ट हर्षचरिताच्या आरंभी म्हणतो, की सेतूवरून प्रवरसेनाची कीर्ती समुद्रापलीकडे गेली. बाणाने ती एक कल्पना म्हणून लिहिली होती.

पुढे ती अक्षरशः खरी झाली. कंबुज देशात, म्हणजे आजच्या कंबोडियात, नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मा राज्य करत होता. त्याच्या संस्कृत शिलालेखात प्रशस्तिकाराने नावावर श्लेष साधला आहे. आमचा राजा खरा प्रवरसेन, म्हणजे श्रेष्ठ सेना असलेला. याने धर्माचा सेतू बांधला, आणि 'प्राकृत' सेतू करणाऱ्या त्या दुसऱ्या प्रवरसेनाला मागे टाकले. 'प्राकृत'चे दोन्ही अर्थ त्याने वापरले, प्राकृत भाषेतला आणि साधासुधा. हा श्लेष कळायला ऐकणाऱ्याला विदर्भातला राजा, त्याचे काव्य आणि त्या काव्याची भाषा, हे तिन्ही ठाऊक असावे लागते. वर्धा-वाशीमच्या मातीतले नाव समुद्रापलीकडच्या दरबारात समजावून सांगावे लागत नव्हते.

याच नावाने आणखी एक गोंधळ झाला. काश्मीरलाही प्रवरसेन होते, आणि तेही दोन. कल्हणाने 1148 ते 1150 या काळात लिहिलेल्या राजतरंगिणीत त्यांची कथा आहे. श्रेष्ठसेन नावाचा राजा, त्यालाच प्रवरसेन म्हणत. दोन्ही शब्दांचा अर्थ तोच. त्याला हिरण्य आणि तोरमाण असे दोन मुलगे. तोरमाणाने स्वतःच्या नावाची नाणी पाडली म्हणून थोरल्या भावाने त्याला कैदेत टाकले. त्याची गरोदर बायको पळाली आणि एका कुंभाराच्या घरी बाळंत झाली. कुंभारणीने आपल्या मुलासारखे वाढवलेल्या त्या पोराचे नाव होते प्रवरसेन, आजोबांचे नाव. मडक्यांच्या घरात वाढणाऱ्या मुलाकडे राजपणाची दुसरी कुठलीच खूण नव्हती, हे नाव तेवढे होते. मोठा होऊन त्याने राज्य मिळवले, वितस्तेच्या काठी नगर वसवले आणि त्याचे नाव ठेवले प्रवरपूर. हेच आजचे श्रीनगर. त्याने वितस्तेवर होड्यांचा मोठा पूल बांधला, आणि होड्यांचे पूल तेव्हापासून माहीत झाले असे कल्हण सांगतो.

विदर्भातही प्रवरपूर आणि काश्मीरातही प्रवरपूर. तिथला सेतू होड्यांचा, इथला शब्दांचा. साहजिकच काही जुन्या पंडितांनी सेतुबंध काश्मीरच्या प्रवरसेनाचे ठरवले, पूल बांधणाऱ्यानेच पुलाचे काव्य लिहिले असणार म्हणून. काव्याची भाषा महाराष्ट्री, आणि इथल्या ताम्रपटांनी वाकाटकांचा काळ पक्का झाला, तसा हा घोळ मिटत गेला.

आता पुन्हा वाशीम. इथल्या प्रवरसेनाचे नंदिवर्धनच्या प्रवरसेनासारखे ना काव्य राहिले, ना नगर. अजिंठ्याच्या कवीने त्याच्या शासनाला उत्तम, प्रभावी आणि उदार म्हटले आहे. त्याचा नातू देवसेन याच्या काळातला एक शिलालेख मात्र वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याला मिळाला. त्यात शक 380 म्हणजे इ.स. 458 चा काळ दिला आहे, आणि सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात असल्याचेही नोंदले आहे. देवसेनाच्या स्वामिल्लदेव या अधिकाऱ्याने तिथे तलाव बांधला आणि त्याला नाव दिले 'सुदर्शन'. गिरनारच्या पायथ्याशी मौर्यांच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या तलावाचे हेच नाव. गिरनारचा तो तलाव फुटला, रुद्रदामन राजाने दुरुस्त केला, त्याचा शिलालेख इ.स. 150 च्या सुमाराचा. तीनशे वर्षांनंतर वऱ्हाडातल्या एका नव्या तळ्याला ते नाव मिळाले. थोराचे नाव लहानाला देण्याची रीत इथे पाण्यालाही लावली गेली.

आणि ते अजिंठ्याच्या दगडातून निखळलेले नाव? धुळे जिल्ह्यात तापीकाठी थाळनेर आहे. तिथे देवसेनाचा मुलगा हरिषेण याचा ताम्रपट मिळाला. त्यात वंशावळ आहे, आणि आठव्या वर्षी गादीवर बसलेल्या त्या मुलाचे नाव तांब्यावर स्वच्छ कोरलेले आहे: सर्वसेन. विंध्यशक्ती, प्रवरसेन, सर्वसेन. पुन्हा विंध्यशक्ती, प्रवरसेन, सर्वसेन. रहाटाने दुसरा फेरा पुरा केला होता.

तिसरा फेरा झाला नाही. दुसऱ्या सर्वसेनाच्या मुलाचे नाव रिवाजाने विंध्यशक्ती हवे होते. ते देवसेन ठेवले. का ठेवले हे कुठल्याच पटात नाही. देवसेनाचा मुलगा हरिषेण या घराण्यातला सगळ्यांत मोठा राजा ठरला. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट, आंध्र अशा देशांची यादी त्याच्या नावाशी जोडलेली आहे. त्याच्याच वराहदेव या मंत्र्याने सोळावे लेणे कोरवून घेतले आणि राजांची ती नावे भिंतीवर लिहवली. जुनी रीत चालू असती तर हरिषेणाच्या पाळण्यात वेगळेच नाव पडले असते. वाशीमच्या प्रवरसेनाचा तो पणतू होता.

हरिषेणानंतर या गादीवर आलेल्या कुणाचे नाव कुठल्याही दगडावर किंवा पटावर अजून मिळालेले नाही.